खदाखदा

भाच्यानं रविवारी सकाळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता जाहीर केलं, "मी पिक्चर काढतोय."

आमच्या घराला अशा घोषणांची सवय आहे. याआधी त्यानं मित्रांबरोबर कॅफे काढला होता, मग यूट्यूब चॅनल काढलं होतं आणि मध्यंतरी बुलेटवरून लडाखला जाण्यासाठी कर्जही काढलं होतं. त्यामुळे बहिणीनं 'कसला पिक्चर' असं न विचारता थेट 'किती लागतील' असं विचारलं.

"भयपट आहे," तो म्हणाला. "पण विनोदी. नाव ठरलंय, 'खदाखदा'. जोकरवर आहे."

गोष्ट अशी. गावाबाहेरच्या मैदानात सर्कस येते. तिच्यात सहा फूट उंच जोकर. तीस वर्षांपूर्वी याच मैदानात तो झुल्यावरून पडून मेलेला असतो. तो पडला तेव्हा लोकांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. तो मातीत पडून राहिला आणि गॅलरी खदाखदा हसत राहिली. आता तो परत आलाय. खेळ बघताना जो हसत नाही, त्याला तो रात्री घरी जाऊन मारतो.

"आणि जो हसतो त्याला?" मी विचारलं.

"त्यालाही मारतो. पण इंटर्व्हलनंतर."

मी एक तांत्रिक अडचण मांडली. पहिला खेळ पुण्यात लावला तर हसणारं कोणी भेटायचं नाही आणि जोकरला एका रात्रीत अडीच हजार घरं करावी लागतील. हे निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसालाही जमत नाही. भाच्यानं ते वहीत लिहून घेतलं. त्याचं हे मला नेहमी आवडतं. अपमानसुद्धा तो 'इनपुट' म्हणून घेतो.

मग त्यानं लॅपटॉप उघडून माझ्यापुढे जोकरांची वंशावळ मांडली. अमेरिकेत म्हणे जोकराची अब्रू केव्हाच गेली आहे. १९७८ साली शिकागोजवळ जॉन वेन गेसी नावाचा कंत्राटदार पकडला गेला. त्याच्यावर तेहतीस खून शाबीत झाले. हा गृहस्थ फावल्या वेळात 'पोगो' नावाचा जोकर बनून पोरांच्या पार्ट्यांना जायचा. १९८६ मध्ये स्टीफन किंगची 'इट' ही कादंबरी आली. तिच्यातला पेनीवाइज गटारात बसून मुलांना गोड बोलून ओढतो. (आपल्याकडे गटारातून हाक आली तर माणूस भुताची नव्हे, झाकण कुणी नेलं याची चौकशी करील.) १९८८ मध्ये 'किलर क्लाउन्स फ्रॉम आउटर स्पेस' नावाचा सिनेमा निघाला. त्यात परग्रहावरून आलेले जोकर अख्ख्या गावाला बुढ्ढी के बालात गुंडाळून टांगून ठेवतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल गावी बातमी उठली की, जोकर रानाच्या कडेला उभे राहून पोरांना बोलावतात. ती अफवा देशभर इतकी पसरली की, मॅकडोनाल्ड्सलाही आपल्या जोकर रोनाल्डला काही दिवस घरात बसवावं लागलं. त्याआधी २००८ मध्ये इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठानं चार ते सोळा वयाच्या अडीचशेहून जास्त मुलांना विचारलं होतं, इस्पितळाच्या भिंतींवर कसली चित्रं काढू? जोकर कोणालाच नको होता.

"बघ," भाचा म्हणाला, "मार्केट तयार आहे."

मला मात्र त्या यादीपेक्षा तिच्याखालची एक बारीक तळटीप आवडली. त्याच इंग्लंडात दर फेब्रुवारीत जोकर आपापल्या पूर्ण पोशाखात लंडनच्या एका चर्चमध्ये जमतात आणि १८३७ साली वारलेल्या जोसेफ ग्रिमाल्डी या थोर विदूषकासाठी प्रार्थना करतात. प्रत्येकाचा रंगवलेला चेहरा एकेका अंड्यावर काढून जपून ठेवतात, म्हणजे एकाचा चेहरा दुसऱ्यानं उचलू नये. अंड्यावरचा सातबाराच तो! ज्या धंद्यात चेहऱ्याच्या मालकीची एवढी काळजी घेतात, तिथली माणसं रात्री कुऱ्हाड घेऊन हिंडत असतील, हे माझ्या मनाला पटेना.

"आणि पैसे?" बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला ग्रिमाल्डीमध्ये रस नव्हता.

पैशांचीही योजना होती. जॉन वॉट्स नावाच्या पोरसवदा दिग्दर्शकानं २०१० मध्ये जोकरच्या भयपटाचा एक खोटाच ट्रेलर करून इंटरनेटवर टाकला. सिनेमा नव्हताच. वर ट्रेलरमध्ये ठोकून दिलं की, हा सिनेमा भयपटांचा दादा एली रॉथ याचा आहे. रॉथनं ते पाहिलं. आपल्याकडे त्यानं वकिलाची नोटीस धाडली असती. तिथे त्यानं खरोखरच पैसे उभे करायला मदत केली आणि २०१४ मध्ये 'क्लाउन' नावाचा सिनेमा आला. पुढे त्याच वॉट्सनं स्पायडरमॅन केला.

"म्हणजे आधी खोटं बोलायचं, मग ते खरं करून दाखवायचं," बहीण म्हणाली. "हे तू कॅफेच्या वेळीही केलं होतंस. निम्मंच."

मी खरं तर या कामी भाच्याचा उत्साह कमी करण्यासाठी नेमलेला होतो. म्हणून मी माझी बाजू मांडली. आपला इतिहास या धंद्याला पोषक नाही. संस्कृत नाटकातला विदूषक म्हणजे टक्कल पडलेला, दात पुढे आलेला, मोदकांवर जीव असलेला ब्राह्मण. राजाचा मित्र, पण राजापेक्षा जेवणाच्या वेळेशी अधिक प्रामाणिक. त्याच्या हातून कोणाचा जीव जायची वेळ आलीच असेल तर ती 'मृच्छकटिका'त. चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा खटला चालू असतो. त्याचा जिवलग मित्र मैत्रेय त्याच्या बाजूनं तावातावानं भांडायला न्यायालयात येतो आणि भांडता भांडता काखोटीला लपवलेले वसंतसेनेचे दागिने भर कोर्टात खाली पडतात. झालं, पुरावा मिळाला, चारुदत्त वधस्तंभाकडे निघाला. आपल्या विदूषकानं माणूस मारायचा तो असा, प्रेमापोटी आणि धांदरटपणानं.

भुतांचंही तेच. १९९३ मध्ये महेश कोठारेंनी 'झपाटलेला' काढला. त्यात खुनी गुंडाचा आत्मा शिरलेला बाहुला होता. रामदास पाध्यांनी केलेला तो तात्या विंचू. कायद्यानं महाराष्ट्रानं त्याला घाबरायला हवं होतं. महाराष्ट्रानं त्याच्या नकला केल्या. ज्या पिढीनं त्याला पाहून अंथरूण ओलं केलं, तीच पिढी आज लग्नाच्या संगीतात त्याचा आवाज काढते.

"अप्पू राजा," भाचा शांतपणे म्हणाला.

हा मात्र वर्मी बसला. कमल हासनचा १९८९ चा तमिळ सिनेमा, हिंदीत 'अप्पू राजा'. ठेंगणा सर्कसवाला, बापाच्या मारेकऱ्यांना एकेक करून अशा गमतीशीर क्लृप्त्यांनी संपवतो की, थिएटरात टाळ्या पडतात. जोकर, खून आणि हशा, तिन्ही हजर. मी थोडा वेळ पोह्यांतले शेंगदाणे मोजले आणि म्हणालो, "पण त्याला घाबरलं कोण? सगळे त्याच्याच बाजूचे होते. त्याला आधी मार बसलेला आपण पाहिलेला असतो."

ते वाक्य मी वादात हरू नये म्हणून बोललो होतो. त्यात काही अर्थ आहे हे आम्हाला पुढच्या शनिवारी कळलं.

शनिवारी आम्ही संशोधनाला गेलो. शहराच्या कडेला एक सर्कस उतरली होती. सर्कस ही तशी आपली घरची गोष्ट. विष्णुपंत छत्रे हे सांगलीकडचे, घोडे शिकवण्यात तरबेज. मुंबईत किआरिनी नावाच्या इटालियनाची सर्कस बघायला गेले. त्यानं म्हणे हिंदी माणसाला असली सर्कस इतक्यात जमणार नाही असं बोलून दाखवलं, आणि छत्र्यांनी १८८० साली मुंबईत स्वतःची सर्कस उभी केली. मराठी माणसानं इरेला पेटून काढलेला आणि तरीही चाललेला धंदा म्हणून तिचा उल्लेख व्हायला हवा.

आता तंबूच्या कापडाला ठिगळं होती आणि वाघ-सिंहांच्या पिंजऱ्यांच्या जागी खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांना खेळात आणायला सरकारनं बंदी घातली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. योग्यच झालं. पण प्राण्यांची जी दहा-दहा मिनिटं होती, ती कोणाच्या अंगावर पडली, याचा विचार मी आजवर केला नव्हता.

ती जोकरच्या अंगावर पडली होती. आम्ही त्याच्या रावटीत गेलो तेव्हा तो पत्र्याच्या पेटीवर बसून सफेदा लावत होता. पांढरी पूड खोबरेल तेलात कालवलेली, स्टीलच्या वाटीत. उंची माझ्या कमरेला लागेल एवढी. मूळचा बिहारचा, वीस वर्षं सोलापूर, कोल्हापूर, नांदेड करत मराठी उचललेली. एक वाजता खेळ, चार वाजता खेळ, सात वाजता खेळ.

भाच्यानं गोष्ट ऐकवली. त्यानं भुवई काढता काढता ऐकली.

"तुमच्या पिक्चरात जोकर किती उंच?"

"सहा फूट."

"मग तो जोकर नाही, साहेब. तो रिंगमास्तर."

भाच्यानं वही काढली.

"आणि यात मला मार कधी बसतो?"

"तुम्हाला मार बसत नाही," भाचा उत्साहानं म्हणाला. "तुम्ही मारता. सगळ्यांना."

जोकरनं ब्रश खाली ठेवला. त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू रंगवून झालं होतं, अर्धा चेहरा अजून कामगाराचा होता. "मी मारणार," तो म्हणाला. "आणि मार कोण खाणार? मार खाल्ल्याशिवाय पब्लिक हसेल कसं?"

यावर पटकथालेखनाच्या ऑनलाइन कोर्समध्ये काही शिकवलेलं नव्हतं. आमची पंचाईत ओळखून त्यानं कोपऱ्यातली काठी काढली. काठी कसली, दोन पातळ फळ्या, मुठीकडे एकत्र बांधलेल्या, मध्ये बोटभर फट. "वळा," तो मला म्हणाला. मी वळलो. पाठीवर असा आवाज झाला की, बाहेर कोणाच्या तरी स्कूटरचं चाक फुटलं असं मला वाटलं. भाचा दचकून वाटीवर पडला. मला मात्र शर्टावर माशी बसल्याइतकंच जाणवलं.

सोळाव्या शतकात इटलीतले फिरते नाटकवाले हीच काठी वापरायचे. इंग्रजीतला 'स्लॅपस्टिक' हा शब्द तिच्यावरूनच आलाय. फळ्या एकमेकींवर आपटतात, माणसाला काही लागत नाही. आणि माझ्या लक्षात आलं, भयपटाचंही सगळं भांडवल एवढंच असतं. अंधार, शांतता, मग फटाक्‌! दार आपटतं, मांजर उडी मारते, कोणालाही काही लागलेलं नसतं. काठी एकच. ज्याच्या पाठीवर बसते तो घाबरतो, लांबून बघणारा हसतो. रावटीत त्या दिवशी भाचा घाबरला, जोकर हसला, आणि मार खाणारा मी काय करावं या विचारात मध्येच उभा होतो.

मग आम्ही चारचा खेळ पाहिला. पुढच्या रांगेतल्या सोफ्यांवर सहा माणसं. मुली सायकलवरून गेल्या, एकानं पेटत्या कड्यातून उडी मारली, आणि दर दोन खेळांच्या मध्ये, गडी जाळी बांधत असताना, खांब रोवत असताना, जोकर. त्याचं खरं काम मला तेव्हा कळलं. मागे काही तरी धोकादायक बांधलं जात असतं, तिकडे कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून तो पुढे मार खात असतो. शेवटी झुल्यावरही तो चढला. वरच्यानं त्याचे हात पकडायच्या ऐवजी विजार पकडली, विजार वर राहिली आणि हा ठिपक्यांच्या चड्डीत जाळीत. तिथून उसळून खाली मातीत, तोंडावर. हात न टेकता. गॅलरी कोसळली. माझ्या शेजारी सोनपापडी खाणारे एक काका इतके हसले की, त्यांची कवळी सैल झाली.

तो क्षणभर तसाच पडून राहिला. माझ्या पोटात उगाच गोळा आला. मग तो उठला, विजारीला सलाम केला आणि पडद्याआड गेला.

भाचा गाडीवर मागे बसून घरी येईपर्यंत गप्प होता. हे त्याच्या बाबतीत काळजीचं लक्षण. पण सोमवारपर्यंत तो सावरला आणि खोट्या ट्रेलरचं चित्रीकरण आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायचं ठरलं. वेळ रात्री अकरा. नट म्हणून त्याचा ऑफिसातला मित्र, उंची खरोखर सहा फूट. कपडे ड्रेपरीवाल्याकडून. पण दिवस शाळांच्या गॅदरिंगचे असल्यामुळे मोठ्यांच्या मापाचे जोकर सगळे बाहेर गेलेले. शिल्लक होता तो 'आठवी ते दहावी'. त्यामुळे आमचा खुनी जोकर नडग्या उघड्या टाकून, दंडापाशी तंग बाह्यांमुळे हात पेंग्विनसारखे धरून उभा राहिला. हातात प्लॅस्टिकची कुऱ्हाड. तीही परशुरामाच्या पोशाखाबरोबर आलेली, तिच्यावर टिकल्या.

दृश्य असं होतं: लिफ्टचं दार उघडतं, आत जोकर, कॅमेरा थरथरतो. भाचा 'ॲक्शन' म्हणाला. लिफ्टचं दार उघडलं. आत जोकर होता, पण त्याच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावरची दोन पोरंही होती. त्यांना हा मधेच सापडला होता.

शेफील्डच्या अडीचशे मुलांनी काहीही सांगितलेलं असो, या दोघांना लहानपणापासून दर वाढदिवसाला जोकर पाहायची सवय होती. "दादा, फुग्याचा कुत्रा करता येतो?" थोरल्यानं विचारलं. "टॅटू काढतोस का?" धाकटीनं हात पुढे केला. जोकरनं भाच्याकडे पाहिलं. भाच्यानं खुणेनं 'घाबरव' म्हटलं. जोकरनं कुऱ्हाड उगारून एक भेसूर हास्य केलं. त्यासरशी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एका काकूंचा आवाज आला, "कोण आहे रे तिकडे? व्हिजिटर असशील तर गाडी बाहेर लाव!"

सोसायटीत त्या क्षणी फक्त एकच माणूस घाबरलेला होता. तो जोकर. काकूंच्या आवाजानं तो मागे सरला, तंग विजारीत पाय अडकला, धाकटीनं तेवढ्यात कुऱ्हाड काढून घेतली आणि त्याच्या पोटरीवर हाणली. हा साडेसहा फुटांच्या आवाजात ओरडून सांडपाण्याच्या पाइपाशेजारी कोसळला. पोरं हसली. वॉचमन हसला. काकू वरून हसल्या. त्या इमारतीत राहायला आल्यापासून पहिल्यांदाच, असं वॉचमनचं म्हणणं. शेवटी भाचाही हसला, आणि कॅमेरा इतका हलला की, तेवढा एक शॉट मात्र अगदी हॉलिवूडसारखा आला.

ट्रेलर झालाच नाही. त्याऐवजी ते बावीस सेकंदांचं पडणं भाच्यानं फोनवर सगळ्यांना पाठवलं. कॅफे, चॅनल आणि लडाख मिळून त्याला जेवढी शाबासकी मिळाली नव्हती, तेवढी त्या रात्री मिळाली. मी म्हणालो, "बघ, मार खाल्ला तेव्हाच पब्लिक हसलं." तो म्हणाला, "हो, पण मग हॉरर कुठे राहिलं?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. त्यानं ते बावीस सेकंद सर्कशीतल्या जोकरलाही पाठवले.

उत्तर दुसऱ्या रात्री आलं, सातचा खेळ संपल्यावर. लिहिलेलं नव्हतं, आवाज होता. मागे कोणी तरी भांडी घासत होतं. भाच्यानं फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकवला.

"पडला बरा. पण साहेब, त्यानं हात टेकले. हात टेकले की पब्लिकला कळतं, हा माणूस स्वतःला सांभाळतोय. मग त्यांना वाटतं, लागेल याला. मग ते हसत नाहीत, घाबरतात. ती पोरं होती म्हणून हसली. मोठं पब्लिक नाही हसणार. हात टेकायचे नाहीत. सरळ मेल्यासारखं पडायचं. तेव्हा हसतात."

फोन बंद झाल्यावर कोणी काही बोललं नाही. भाच्यानं तो आवाज पुन्हा एकदा लावला. मला चारच्या खेळातला तो क्षण आठवला, तो मातीत तोंडावर पडून राहिला होता आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, हसत होतो.

"मामा," भाचा हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे माझा पहिला सीन बरोबर आहे."

पहिल्यांदाच मला 'खदाखदा'ची थोडी भीती वाटली.

"बाकीचं सगळं काढून टाकतो," तो म्हणाला. "कुऱ्हाड नको. भूत नको. फक्त तो पडतो आणि लोक हसतात."

स्वयंपाकघरात बहिणीनं नळ बंद केला.

"किती लागतील?" तिनं विचारलं.